वाचकांचे प्रश्न : उरलेल्या अन्नाचा हिशेब

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे न विकल्या गेलेल्या अन्नाविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे लांबली आहेत, कारण बाकीच्या तिन्ही पत्रांतील शंकांचे मूळ त्यांतच आहे.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेज सांभाळून कॉलेज रोडवरील एका केक-सँडविचच्या दुकानात संध्याकाळी काम करते. रात्री दुकान बंद करताना उरलेली सँडविचेस, पफ आणि क्रीमचे केक काळ्या पिशवीत भरून त्यांवर फिनाइल ओतण्याचे काम तिच्याकडे असते. घरी न्यायची परवानगी नाही, अर्ध्या किमतीत विकायची नाही आणि दारात बसलेल्या माणसाला द्यायची तर नाहीच नाही. ताटात शीत टाकू नये असे शिकवलेल्या घरातील मुलीला हे सोसत नाही. मालक लोक एवढे निष्ठुर कसे होऊ शकतात?
— एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : या मालकांचा स्वभाव पत्रावरून ठरवता येणार नाही. मात्र तुमची मुलगी जे पाहते ते दयाळू मालकाच्या दुकानातही घडते, त्यामुळे त्याचे कारण स्वभावात न शोधता धंद्याच्या हिशेबात शोधलेले बरे. अन्न टाकले जाते रात्री, पण ते उरणार हे बहुतेक वेळा सकाळीच ठरलेले असते, आणि काही पदार्थांच्या बाबतीत तर दोन दिवस आधी. आपल्या शहराच्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. रविवारी सकाळी मिसळीसाठी जी उसळ लागते, तिची मटकी शुक्रवारी संध्याकाळी भिजत घालावी लागते, शनिवारी उपसून फडक्यात बांधून ठेवावी लागते, तेव्हा कुठे रविवारी पहाटे मोड आलेली मटकी चुलीवर चढते. शुक्रवारी संध्याकाळी मालकाला एवढेच ठाऊक असते की मागच्या काही रविवारी किती मिसळी गेल्या. रविवारी पाऊस कोसळून गंगापूर धरणाकडे निघणारी मंडळी घरीच बसतील, की ऊन पडून मखमलाबादच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागेल, हे त्याला तेव्हा कळण्याचा मार्ग नसतो. पावाच्या लाद्याही आदल्या रात्रीच सांगून ठेवाव्या लागतात. कांदा ऐनवेळी चिरता येतो आणि फरसाण डब्यात टिकून राहते, पण शिजवलेली मटकी उन्हाळ्यात दुपार कलेपर्यंत आंबू लागते.

अंदाज चुकणारच असेल, तर तो कोणत्या बाजूला चुकू द्यायचा एवढेच मालकाच्या हाती उरते. येथे थोडे गणित करावे लागेल. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका सँडविचला कच्चा माल ३० रुपयांचा लागतो आणि ते ९० रुपयांना विकले जाते. दुकानाचे भाडे, पगार आणि विजेचे बिल एक सँडविच कमी केल्याने कमी होत नाही, म्हणून ते या हिशेबात धरायचे नाही. मग ट्रेमधील शेवटचे सँडविच विकले गेले तर ६० रुपये मिळतात आणि उरले तर ३० रुपये जातात. तीन दिवसांतून एकदाच ते विकले गेले, तरी मालकाची तोंडमिळवणी होते, कारण एका दिवशी मिळालेल्या ६० रुपयांत दोन दिवशी गेलेले तीस-तीस रुपये भरून निघतात. शेवटचे सँडविच खपण्याची शक्यता तीनात एक इतकी खाली येईपर्यंत ट्रे वाढवत नेणे हे त्यामुळे त्याच्या फायद्याचेच असते, आणि याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की त्याच्या दुकानात साधारणपणे तीनपैकी दोन दिवस काही ना काही उरते. म्हणजे तुमच्या मुलीला दिसणारी पिशवी हा मालकाच्या अंदाजातील दोष नसून त्या अंदाजाचाच भाग आहे. व्यवस्थापनशास्त्रात हे गणित वर्तमानपत्र विकणाऱ्याचे गणित म्हणून शिकवले जाते, कारण सकाळी किती अंक उचलायचे हे त्यालाही आधीच ठरवावे लागते आणि उरलेला अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो.

या गणितातून एक गोष्ट निघते, जी मला स्वतःला महत्त्वाची वाटते. कच्च्या मालाच्या मानाने विक्रीची किंमत जितकी चढी, तितके जास्त उरवणे परवडते. महाग कॉफीच्या दुकानातील केक उरतात आणि द्वारका किंवा मेळा बसस्थानकाच्या आसपासच्या साध्या खानावळीत पोळ्यांची गिनती चुकत नाही, याचे कारण खानावळवाल्याच्या संस्कारांत शोधण्याची गरज नाही; त्याच्या ताटामागे सुटणारे पैसेच इतके थोडे असतात की चार पोळ्या उरल्या तरी ते त्याला जाणवते. त्याखेरीज आपल्याकडील साध्या हॉटेलांची रीतही उपयोगी पडते. वडे घाण्याघाण्याने तळले जातात, भाजी मागणी आल्यावर परतली जाते आणि भिजवलेले पीठ दुसऱ्या वेळेला चालते. तयार होऊन काचेच्या कपाटात बसणाऱ्या पदार्थाला ही सोय नाही.

कपाटाचाच प्रश्न पुढे येतो. संध्याकाळी साडेसातला दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला कपाटात दोनच पफ दिसले, तर ते उरलेसुरले आहेत असे समजून तो शेजारच्या दुकानात जातो, आणि कॉलेज रोडवर शेजारचे दुकान म्हणजे खरोखरच शेजारचे असते. तो गेला म्हणजे एक पफ गेला असे मालक मानत नाही. पुढच्या आठवड्याचा वाढदिवसाचा केकही त्याच्याबरोबर गेला, असे तो मानतो. त्यामुळे दुकान बंद होण्याच्या आधी तासभर तरी कपाट भरलेले दिसावे असा दंडक पडतो आणि त्या भरलेल्या कपाटाचा शेवट काळ्या पिशवीत होतो.

याच्या उलट रीतही आपल्याच शहरात पाहायला मिळते. मिसळीची काही जुनी ठिकाणे दुपारी ‘मिसळ संपली’ अशी पाटी लावून मोकळी होतात, आणि परत गेलेले गिऱ्हाईक रागावण्याऐवजी पुढच्या रविवारी तासभर लवकर येते. संपणे हीच जेथे नावलौकिकाची गोष्ट होते, तेथे कमी पडण्याचे नुकसान जवळजवळ नाहीसे होते आणि वरच्या गणितातील सारे आकडे बदलतात. न उरवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मात्र तो एखाद-दुसऱ्या पदार्थावर नाव कमावलेल्यालाच साधतो. पन्नास पदार्थ मांडणाऱ्या दुकानाला रोज सगळे ‘संपले’ असे लिहिता येत नाही.

आता तुमच्या तीन ‘नाही’ंकडे वळू. अर्ध्या किमतीत का विकत नाहीत? रोज रात्री नऊनंतर भाव उतरतात हे एकदा कळले की सात वाजता येणारे काही गिऱ्हाईक नऊपर्यंत थांबते, ही भीती खोटी नाही. पण ती मोजून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. सातला येणारा ऑफिसातून घरी परतणारा माणूस आणि नऊनंतर येणारा वसतिगृहातील विद्यार्थी ही बहुधा वेगळी माणसे असतात, आणि जेथे ती वेगळी आहेत तेथे शेवटच्या तासाची सवलत अंगावर येत नाही. कोणता पदार्थ मिळेल हे आधी न सांगता उरलेल्या पदार्थांची पिशवी स्वस्तात विकण्याची पद्धत डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये निघालेल्या ‘टू गुड टू गो’ या ॲपने युरोपभर रुळवली. त्यात गिऱ्हाइकाला हवा तो पदार्थ निवडता येत नसल्याने नेहमीच्या विक्रीला धक्का लागत नाही. आपल्याकडे झोमॅटोने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द झालेल्या ऑर्डर जवळपासच्या दुसऱ्या ग्राहकाला कमी दरात देण्याची सोय आणली. महिन्याला चार लाखांहून अधिक चांगल्या ऑर्डर रद्द होतात, असे त्या कंपनीनेच तेव्हा सांगितले होते.

कामगारांना घरी का नेऊ देत नाहीत? उरेल ते घरी न्यायचे ठरले, तर जास्त उरावे अशी व्यवस्था कोणीतरी मुद्दाम करेल, असा संशय त्यामागे असतो. मला हा संशय गरजेपेक्षा मोठा वाटतो. प्रत्येकाला ठरावीक दोन नग आणि वहीत नोंद, एवढा नियम केला तरी तो पुरेसा होतो, आणि तसा नियम करणारे मालकही आहेत. जेथे व्यवस्थापक एका गावात, मालक दुसऱ्या गावात आणि नियमांची पुस्तिका तिसऱ्याच गावाहून आलेली असते, तेथे सरसकट बंदी घालणे सोपे पडते.

फिनाइलचे कारण मात्र थोडे वेगळे आहे. टाकलेला माल कोणीतरी उचलून पुन्हा विकेल किंवा खाऊन आजारी पडेल आणि वेष्टनावर नाव आपलेच असेल, या भीतीने तो मुद्दाम खाण्यालायक ठेवला जात नाही. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख छापून तो बाजारात परत आणण्याचे प्रकार आपल्या देशात होतात, हे खरे आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, डिसेंबर २०२४ मध्ये अन्न उत्पादकांना मुदतबाह्य आणि नाकारलेल्या मालाची माहिती दर तीन महिन्यांनी कळवायला सांगितले, ते याच कारणाने. तरीही फिनाइल हा त्यावरचा योग्य उपाय नाही. नाशिक महापालिकेने २०१७ मध्ये जर्मन सहकार्याने विल्होळी येथे जो प्रकल्प उभारला, त्यात हॉटेलांतील ओला कचरा आणि शौचालयांच्या टाक्यांतील मैला एकत्र कुजवून गॅस व त्यातून वीज तयार करण्याची योजना आहे. कुजवण्याचे हे काम जंतू करतात आणि फिनाइल जंतूंनाच मारते. वेष्टन फाडून वेगळे काढले आणि पदार्थ कुस्करून घंटागाडीच्या ओल्या कप्प्यात टाकला, तरी तो पुन्हा विकला जाण्याची भीती उरत नाही. हे तुमच्या मुलीने मालकाला सुचवून पाहावे. दयेचा विषय काढण्यापेक्षा हे बोलणे तिला सोपे जाईल.

शेवटचा प्रश्न दारातील माणसाला देण्याचा. त्याचे उत्तर पुढच्या पत्राच्या उत्तरात येते.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर रोडवरील लॉन्समध्ये मी लग्नाच्या जेवणाची कंत्राटे घेतो. दाट तिथीला कधी शंभर, कधी दीडशे माणसांचे जेवण उरते. ते कोणाला द्यावे तर ‘काही झाले तर जबाबदार कोण’ असे सगळेच विचारतात, आणि फेकावे तर पाहुण्यांसमोर लाज वाटते. उरलेले अन्न वाटायला कायद्याने मनाई आहे का?
— एक केटरिंग व्यावसायिक, आडगाव नाका

उत्तर : मनाई नाही. उलट ‘अतिरिक्त अन्नाची पुनर्प्राप्ती व वितरण’ याविषयीचे एफएसएसएआयचे स्वतंत्र विनियम २०१९ मध्ये निघाले आणि १ जुलै २०२० पासून लागू झाले. त्यांचा आशय असा की देणाऱ्याने सुरक्षित अन्नच द्यावे, ते विक्रीच्या अन्नापासून वेगळे ठेवावे, त्यावर पदार्थाचे नाव, तो कोठून आला, केव्हा बनवला आणि तो शाकाहारी की मांसाहारी याची माहिती असावी, घेणाऱ्या संस्थेने नोंद ठेवावी आणि ते अन्न कोणी विकू नये. भीती वाटते ती २००६ च्या मूळ अन्न सुरक्षा कायद्यामुळे, आणि ती निराधार नाही. त्या कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्याच ‘नफ्यासाठी असो वा नसो’ अशी आहे, त्यामुळे फुकट वाटणारी संस्थाही त्याच्या कक्षेत येते. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान पाच लाख रुपये भरपाई आणि किमान सात वर्षांची कैद, अशी तरतूद त्यात आहे. एवढे वाचल्यावर कोणताही व्यावसायिक पातेले उलटे करणेच पसंत करेल. परंतु ही जबाबदारी अन्न दिल्यामुळे अंगावर येत नाही. ती खराब अन्न दिल्याने येते. आणि अन्न केव्हा खराब होते हे घड्याळ व तापमान पाहून बऱ्यापैकी सांगता येते.

पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. मांडवातील गरम भांड्याखालची ज्योत विझली की भाजी तासाभरात या पट्ट्यात येते. भाताचा धोका सर्वांत जास्त आणि त्याची जाणीव सर्वांत कमी. ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूचे बीज भात शिजतानाही मरत नाही. मोठ्या पातेल्यात भात कोमट राहिला की ते रुजते आणि जे विष तयार करते, ते नंतर भात कितीही उकळला तरी जात नाही. म्हणून ‘सकाळी गरम करून वाटू’ या विचारावर भात कधीही ठेवू नये. दुधाचे आणि खव्याचे पदार्थ, पनीर, दहीवडे, ओले खोबरे घातलेल्या भाज्या आणि मठ्ठा हेही रात्री उशिरा देण्यासारखे नाहीत. याउलट पुऱ्या, पोळ्या, कोरड्या भाज्या, बुंदी, लाडू आणि जिलबी यांना तितका धोका नसतो.

तुमच्या कामाच्या दृष्टीने तीन ढीग वेगळे ओळखावे लागतात. भटारखान्यातील पातेल्यातच राहिलेले, मांडवात मांडलेले पण न वाढलेले, आणि ताटात उरलेले. तिसरा ढीग थेट ओल्या कचऱ्यात जातो, त्याविषयी चर्चाच नको. दुसऱ्या ढिगावर पाहुण्यांचे हात, चमचे आणि दोन-तीन तासांची हवा लागलेली असते, म्हणून त्यातील फार थोडे देण्याजोगे असते. खरे देण्यासारखे अन्न पहिल्या ढिगात आहे, आणि ते उरणार हे आचाऱ्याला रात्री साडेनऊलाच कळलेले असते. अडचण अशी होते की संस्थेला फोन अकरा वाजता जातो, यजमान वरातीत असतात, वाढपी थकलेले असतात आणि गाडी येईपर्यंत बारा वाजतात. मग त्या वेळी जेवण कोणाला उठवून द्यायचे? गोदाकाठी, नाशिक रोड स्थानकाजवळ किंवा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात रुग्णांबरोबर आलेले जे लोक जेवण घेऊ शकतात, ते आठ-नऊच्या सुमारास जेवतात. मध्यरात्री नाही.

तेव्हा कायद्यापेक्षा अडचण गाडीची, माणसाची आणि वेळेची आहे, आणि या तिन्हींचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेले नसते. माझ्या मते ते कंत्राटातच ठरावे. सुपारी घेताना यजमानांना विचारून ठेवावे की साडेनऊला भटारखान्यात उरलेले अन्न अमुक संस्थेला दिले तर चालेल का, आणि त्या गाडीचा खर्च बिलात धरू का. हजार ताटांच्या बिलात ती रक्कम डोळ्यांत भरत नाही. संस्था नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहावे, तिच्याकडून पोच घ्यावी आणि प्रत्येक पदार्थाची थोडी वानगी बरणीत भरून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवावी. काही तक्रार आलीच, तर ती बरणी तुमच्या बाजूने बोलते.

आणि उरण्याचे मूळही पाहावे. दाट तिथीला एकच पाहुणा शहरातील तीन मांडवांत मोजलेला असतो. एका ठिकाणी अक्षता टाकतो, दुसऱ्या ठिकाणी जेवतो आणि तिसऱ्या ठिकाणी आहेर देऊन निघतो. यजमान भिऊन पन्नास माणसे वाढवून सांगतात, त्यावर तुम्ही आणखी शेकडा दहा धरता, आणि आचारी आपला हात सैल ठेवतो तो वेगळाच. तिघांनीही सावधगिरी केली की शंभर माणसांचे जेवण उरते. वाढीव अंदाज एकाच ठिकाणी, म्हणजे तुमच्याकडे, ठेवावा. यजमानांकडून खरी संख्या घ्यावी आणि कमी पडल्यास अर्ध्या तासात करता येतील असे दोन पदार्थ, उदाहरणार्थ पिठले आणि मसालेभात, यांचे सामान बाजूला काढून ठेवावे. न शिजवलेले तांदूळ आणि बेसन दुसऱ्या लग्नाला चालते.

प्रश्न : माझे सिडकोत किराणा दुकान आहे. मुदत संपलेली बिस्किटे आणि ब्रेड मी कंपनीला परत देतो. त्यांतील बरीच बिस्किटे खाऊन पाहिल्यास चांगली लागतात. ‘बेस्ट बिफोर’ उलटली की माल खरोखर खराब होतो का?
— एक दुकानदार, सिडको

उत्तर : ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि खुसखुशीतपणाची हमी असते. ती उलटल्यावर बिस्किटे मऊ पडतील, तेलाचा खवट वास येईल, पण त्या दिवशी ती विषारी होत नाहीत. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही मुदत मात्र सुरक्षिततेची मानली जाते आणि ती उलटलेला माल विकता येत नाही, वाटताही येत नाही. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी आपल्याकडे दुसरी तारीख सक्तीची केली आणि पहिली ऐच्छिक ठेवली. परिणामी जी बिस्किटे खाण्यासारखी आहेत तीही एका ठरलेल्या दिवशी कायद्याने बाद होतात. कंपनी ही तारीख ठरवताना चैत्र-वैशाखातले, पंख्याखाली नसलेले, उन्हाकडे तोंड असलेले दुकान डोळ्यांसमोर ठेवते आणि वर थोडी जास्त सावधगिरी बाळगते. त्यामुळे थंड गोदामात राहिलेला माल तारखेनंतरही चांगला लागतो.

तुम्ही परत देता त्या मालाचे पैसे कंपनी भरून देते, आणि नेमक्या याच सोयीमुळे माल जास्त उरतो, हे तुम्हाला पटेल की नाही ते सांगता येत नाही. परत घेणारा आहे म्हटल्यावर दुकानदार मोजूनमापून मागवत नाही, आणि विक्रीचे लक्ष्य गाठायचे असल्याने विक्रेता प्रतिनिधीही दोन खोकी जास्तच उतरवतो. ब्रेडच्या बाबतीत तर रोज सकाळी नवा ठेवून जुना उचलण्याची पद्धतच आहे. सुट्या मिठाईला अशी परतीची सोय नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या प्रत्येक ट्रेवर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणे बंधनकारक झाले. कलाकंद त्याच दिवशी आणि रसगुल्ला-रसमलाई दोन दिवसांत संपवावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे मिठाईवाला कलाकंद जपूनच करतो.

प्रश्न : फ्रान्समध्ये अन्न फेकणाऱ्या दुकानांना दंड होतो असे वाचले. नाशिक महापालिकेनेही हॉटेलांना असा दंड का करू नये?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

उत्तर : फ्रान्सचा २०१६ चा कायदा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किराणा-बाजारांसाठी आहे. त्यांनी खाण्याजोगा माल मुद्दाम नासवू नये आणि सेवाभावी संस्थांशी करार करावा, असे त्यात आहे. तेथे आधीपासून शीतगृहे आणि गाड्या असलेल्या अन्नपेढ्या होत्या, म्हणून दंडाची भाषा उपयोगी पडली. त्याच वर्षी इटलीने दंडाऐवजी दानाची कागदपत्रे सोपी केली, आणि अमेरिकेने तर १९९६ मध्येच सद्भावनेने अन्न देणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिले. आपल्याकडे करकायदा दात्याला उलट शिकवण देतो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यातील कलम १७ नुसार नष्ट केलेल्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तशी ती भेट दिलेल्या मालावरही मिळत नाही. म्हणजे फेकले काय आणि दिले काय, वहीत दोन्ही सारखेच, आणि देण्याला गाडीचा खर्च वर. हे आधी बदलावे, दंडाचा विचार त्यानंतर.

शिवाय दंड बसवायचा कोणाला? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात घरांचा वाटा शेकडा ६०, हॉटेले व खानपान सेवांचा २८ आणि दुकानांचा १२ होता.

प्रश्न : आमचा दुधाचा धंदा आहे. गावाजवळच्या हॉटेलातून उरलेला भात आणि पोळ्या फुकट मिळतात. त्या गाईंना घातल्या तर अन्नही वाया जाणार नाही आणि पेंडीचा खर्चही वाचेल, असे वाटते. काही अपाय आहे का?
— एक पशुपालक, दिंडोरी तालुका

उत्तर : थोडे घातल्यास नाही, पाटीभर घातल्यास आहे. शिजलेला भात, पोळी आणि गोड पदार्थ गाईच्या पोटात फार लवकर आंबतात, पोटातील आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि वेळेवर उपचार न झाल्यास जनावर दगावते. लग्नसराईच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे अशी जनावरे येतात. गाईंना रोजच्या वैरणीबरोबर मूठ-दोन मूठ, तेही सवयीने हळूहळू वाढवत द्यावे. आंबूस वास आलेले, बुरशी धरलेले किंवा तिखट रश्शात भिजलेले अजिबात देऊ नये. हॉटेलातून आलेल्या पिशव्या गोठ्यात तशाच न टाकता आधी मोकळ्या करून प्लास्टिक, दातकोरण्या आणि कागदी नॅपकिन वेचून काढावेत. पेंड बंद करण्याचा विचार असेल, तर तो आपल्या पशुवैद्यांना विचारल्याखेरीज करू नये, कारण भात-पोळीत पिष्ट भरपूर असले तरी दुभत्या गाईला लागणारी प्रथिने त्यांत पुरेशी नसतात. उरलेला भात जास्तच येत असेल, तर तो शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकीत थोडा थोडा घालता येतो. एकदम घातला तर टाकीही गाईसारखीच आंबते.